शाळेतील डिजिटल साक्षरता : या चुका टाळा

डिजिटल साक्षरतेच्या नावाखाली सीपीयू आणि कीबोर्डच्या आकृत्या वहीत काढून घेणे, ही आपल्या शाळांची सर्वांत जुनी चूक आहे. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो; मात्र समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी आपले खाते खासगी कसे करावे, हे जेमतेम निम्म्याहून थोड्या अधिक मुलांनाच ठाऊक आहे. तरीही संगणक कक्षाला कुलूप आणि परीक्षेत ‘संगणकाचे भाग लिहा’ हा प्रश्न, हा शिरस्ता सुटत नाही.

मला सर्वाधिक खटकणारी चूक म्हणजे मुलांची खाती दुसऱ्याच्या हाती सोपवणे. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी एका शाळेने मुलींना ‘अर्ज कॅफेतून भरून घ्या’ एवढेच सांगितले होते. त्यांतील एकीच्या नोंदणीसाठी कॅफेवाल्याने स्वतःचाच मोबाइल क्रमांक दिला आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. अर्जाच्या भाग दोनमध्ये महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली, तेव्हा चिठ्ठी हरवलेली होती, कॅफे बंद होता आणि नव्या पासवर्डसाठीचा ओटीपी गावी गेलेल्या मालकाच्या फोनवर जात होता. वडील रोजगार बुडवून माझ्याकडे आले, तोवर मुदत संपली होती. पहिली फेरी हुकली आणि घराजवळच्या महाविद्यालयातील विज्ञान शाखेची जागाही गेली.

म्हणून नववीच्या दुसऱ्या सत्रात मी प्रत्येकाला पालकांच्या क्रमांकावर स्वतःचा ई-मेल उघडायला लावतो. पासवर्ड परस्परांशी संबंध नसलेल्या चार मराठी शब्दांचा असतो आणि तो घरातल्या वहीत लिहून ठेवलेला मला चालतो. महिनाभराने ‘पासवर्ड विसरलो’ हा पर्याय मुद्दाम वापरून खाते परत मिळवायला सांगतो. यात तीन-चार तासिका जातात आणि उतावळी मुले ‘सर, तुम्हीच करून द्या ना’ म्हणतात; मी माउसला हात लावत नाही. वेळ वाचवण्यासाठी संपूर्ण वर्गाला हजेरी क्रमांकापुढे १२३ जोडून पासवर्ड देणारे सहकारी मला कामचुकार वाटतात.

विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा आणि आधार क्रमांकांची यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणाऱ्या शाळेने गोपनीयतेचा धडा शिकवू नये. एआयकडून उतरवलेला प्रकल्प मी परत करत नाही, त्यातील एका परिच्छेदावर तोंडी प्रश्न विचारतो. बहुतेकांना तेवढे पुरते.

ऑनलाइन फसवणूक झालेल्या मुलाला आधी रागावणे ही मात्र गंभीर चूक आहे, कारण तो पुढच्या वेळी गप्प बसतो आणि पैसे गोठवण्याची शक्यता असलेले पहिले काही तास वाया जातात. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक सूचनाफलकावर लावून भागत नाही. तिथे फोन केल्यावर व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँकेचे नाव विचारले जाते, तेव्हा ही माहिती संदेशांतून शोधून काढण्याचा सराव वर्गातच करून घ्यावा.