सर्व्हर चालू आहे पण क्लायंटवर साइट उघडत नाही, सपोर्टला नवीन लागलेल्यांसाठी

सपोर्टला किंवा सिस्टिम ॲडमिनच्या कामाला नवीन लागलात की हे तिकीट तुमच्याकडे येणारच: सर्व्हरवर बसून ब्राऊझरमध्ये साइट टाकली की मस्त उघडते, पण ऑफिसातल्या बाकी कुठल्याच पीसीवर (म्हणजे क्लायंटवर) उघडत नाही. मग बहुतेक ज्युनियर काय करतात, आधी अपाचे (वेब सर्व्हरचा प्रोग्रॅम) रिस्टार्ट, मग अख्खा सर्व्हर रिस्टार्ट, तरी नाही झालं तर फायरवॉलच बंद. त्यातून कधीकधी साइट चालू होतेही, पण बिघडलं काय होतं ते कळत नाही आणि चार दिवसांनी तेच तिकीट परत. मला मनापासून वाटतं की कशालाही हात लावायच्या आधी क्लायंटवर नेमका कुठला एरर येतोय तो नीट वाचावा, अर्धं उत्तर तिथेच असतं.

युजर फोनवर "साइट बंद आहे" एवढंच सांगणार, त्यांच्याकडून जास्त अपेक्षा पण करू नका, स्क्रीनशॉट मागवा. क्रोम म्हणत असेल की सर्व्हरचा आयपी ॲड्रेसच सापडला नाही, तर भानगड नावाची आहे, म्हणजे डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) किंवा होस्ट फाइल (मशीनवरचीच नाव-आयपीची यादी), आणि त्याच क्लायंटवर नावाऐवजी सरळ आयपी टाकून बघितलं की खात्री होते (एकाच आयपीवर अनेक साइट असतील तर दुसरीच साइट उघडेल, पण पोचलो हे तर कळलं). "रिफ्यूज्ड टू कनेक्ट" आलं तर समोरून कुणीतरी स्पष्ट नाही म्हणालंय, बहुतेक वेळा मशीन जिवंत आहे पण त्या पोर्टवर (म्हणजे सर्व्हिसच्या नंबरच्या दारावर) कुणी ऐकत बसलेलं नाही. आणि बराच वेळ गोल फिरून "टुक टू लाँग टू रिस्पाँड" आलं तर पाकीट गेलं पण उत्तरच आलं नाही, म्हणजे वाटेत किंवा सर्व्हरच्या दारात फायरवॉलने गिळलं, नाहीतर आयपीच चुकीचा आहे किंवा ते मशीन बंद आहे.

४०३, ४०४, ५०२ असे आकडे येत असतील तर नेटवर्कच्या मागे लागूच नका. आकडा आला म्हणजे वेब सर्व्हर किंवा त्याच्या पुढचा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) तुमच्याशी बोललाय, आता त्याचे लॉग बघायचे. झँपवाल्यांना (अपाचे, पीएचपीचं तयार पॅकेज) पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस हाताळायचं वेब पान) दुसऱ्या पीसीवरून उघडताना जो ४०३ येतो तो यातलाच, तिथे कॉन्फिगमध्येच फक्त लोकल मशीनला परवानगी दिलेली असते.

रिफ्यूज्डचं एक कॉमन कारण म्हणजे सर्व्हिस फक्त १२७.०.०.१ वर ऐकतेय. हा पत्ता मशीनचा स्वतःपुरता, त्यामुळे सर्व्हरवर बसून टेस्ट केलं की सगळं ओके दिसतं आणि बाहेरून काहीच नाही. जँगो आणि फ्लास्क ही पायथनची वेब फ्रेमवर्क; जँगोचा डेव्हलपमेंट सर्व्हर बाय डिफॉल्ट असाच १२७.०.०.१ वर ८००० पोर्टला उठतो, फ्लास्कचा ५००० ला. लिनक्सवर एसएस कमांड, विंडोजवर नेटस्टॅट, त्यात लिसनिंगची लाइन शोधा, पोर्टच्या आधी ०.०.०.० असेल तर तो सगळ्या इंटरफेसवर (नेटवर्क कार्डांवर) ऐकतोय (आयपीव्ही६ ला दोन कोलन दिसतात). जँगोला ०.०.०.० वर आणल्यावर ४०० चा एरर आला तर अलाउड होस्टच्या यादीत सर्व्हरचा पत्ता टाकायचा राहिलाय, पण बघा, आपण एक पायरी पुढे सरकलो की नाही! डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन) तर आतलं ॲप कंटेनरच्या १२७.०.०.१ वर बसलं असेल तर बाहेर पोर्ट पब्लिश करूनसुद्धा काही उपयोग होत नाही.

आता टाइमआऊटची एक केस सांगते, ही समजली की विंडोजचे बरेच प्रॉब्लेम सुटतील. एका छोट्या ऑफिसात विंडोजच्या मशीनवर अपाचे होता, बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यावर, सगळे लोक वायफायवरून वापरायचे. राउटर बदलला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडे टाइमआऊट. आयपी तोच ठेवलेला, अपाचे चालू, ०.०.०.० वर ८० पोर्टला ऐकतोय, सगळे म्हणायला लागले नवीन राउटरच खराब. झालं असं होतं की नवीन राउटर म्हणजे विंडोजच्या दृष्टीने नवीन नेटवर्क, आणि नवीन नेटवर्कला त्याने पब्लिक प्रोफाइल (अनोळखी नेटवर्कसाठीचे कडक नियम) लावलं, अपाचेचा फायरवॉल रूल मात्र फक्त प्रायव्हेटसाठी होता. नेटवर्क प्रायव्हेट केलं, लगेच चालू. फायरवॉल बंद करूनही चालू झालंच असतं, पण मग बिलिंगचा सर्व्हर उघडा पडला असता. आणखी एक, प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना विंडोज जी परवानगीची खिडकी दाखवतं तिथे कॅन्सल दाबलं तर ब्लॉकचा रूल तयार होतो, आणि ब्लॉक हा अलाउच्या वरचढ असतो, म्हणून नंतर तुम्ही कितीही अलाउ रूल टाका, आधी तो ब्लॉक रूल शोधून काढून टाकावा लागतो.

विंडोज फायरवॉल चालू असताना पोर्टवर कुणीच ऐकत नसलं तरी ते रिफ्यूज्ड न पाठवता गप्प बसतं, म्हणून विंडोज सर्व्हरच्या टाइमआऊटमध्ये सर्व्हिस बंद असण्याचीही शक्यता धरा. उलट रेड हॅटच्या कुटुंबातल्या लिनक्सवर फायरवॉलडीने (तिथल्या फायरवॉलने) अडवलं की क्लायंटला "नो रूट टू होस्ट" दिसतं आणि माणूस राउटिंग तपासत बसतो, खरं तर एचटीटीपी सर्व्हिस अलाउ करायची असते, पर्मनंट लावून मग रीलोड, नाहीतर पर्मनंट रूल लगेच लागू होत नाही.

पिंगवर फार विसंबू नका. पिंग आयसीएमपीवर चालतं, वेबसाइट टीसीपीवर, हे दोन वेगळे प्रोटोकॉल, त्यामुळे पिंग बंद आणि साइट चालू किंवा बरोबर उलटं, दोन्ही शक्य आहे. क्लायंटवरूनच त्या पोर्टला टेस्ट करा, पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनला पोर्ट देऊन, लिनक्सवर एनसी किंवा कर्लने. तरी कळेना तर सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारी कमांड) लावा आणि क्लायंटवरून साइट उघडायला सांगा. क्लायंटचा सिन (टीसीपी कनेक्शनचं पहिलं पाकीट) दिसलाच नाही तर अडथळा वाटेत आहे, गेस्ट वायफायचं आयसोलेशन, चुकीचा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा), क्लाउडवर असाल तर सिक्युरिटी ग्रुप (तिथला फायरवॉल). सिन दिसतोय पण उत्तर जात नाहीये तर मशीनच्या आत बघा, कारण टीसीपीडंपला येणारं पाकीट लिनक्सच्या फायरवॉलच्या आधीच दिसतं. नेटवर्क टीमकडे तिकीट पाठवताना हेच लिहा: कुठल्या आयपीवरून, कुठल्या आयपी आणि पोर्टला, किती वाजता, काय एरर, आणि सिन सर्व्हरपर्यंत पोचला की नाही. असं तिकीट परत येत नाही, आणि इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न आला की ह्याच क्रमाने बोला, समोरच्याला तुम्ही कसा विचार करता तेच बघायचं असतं.

प्रॅक्टिससाठी घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक लिनक्स टाका आणि त्यात एनजिनएक्स (वेब सर्व्हर) चढवा. डिफॉल्ट नेटवर्क नॅट (लिनक्स लॅपटॉपच्या आड लपलेलं) असल्यामुळे लॅपटॉपच्या ब्राऊझरमधून साइट उघडणारच नाही, म्हणजे पहिला प्रॉब्लेम आयताच मिळाला. तो ब्रिज्ड करून (लिनक्सला घरच्या नेटवर्कवर स्वतःचा पत्ता) किंवा पोर्ट फॉरवर्ड लावून (लॅपटॉपचं पोर्ट आत जोडून) सोडवा, मग मुद्दाम सर्व्हिस बंद करा, फायरवॉलमध्ये एकदा ड्रॉप (गुपचूप गिळणं) लावा, एकदा रिजेक्ट (स्पष्ट नकार) लावा, १२७.०.०.१ वर बांधा, आणि प्रत्येक वेळी क्लायंटवर काय दिसतं ते वहीत लिहून ठेवा.