ध्रुवीय सरोवराच्या गाळातून जुने हवामान कसे वाचावे

अंटार्क्टिकातील शिर्माकर ओअॅसिस हा सुमारे 35 चौरस किलोमीटरचा उघड्या खडकाचा पट्टा असून भारताचे मैत्री स्थानक 1989 पासून तेथे आहे. पट्ट्यात शंभराहून अधिक सरोवरे आहेत, परंतु हवामानाच्या अभ्यासाला त्यांतील सगळीच उपयोगाची नाहीत. हिमस्तराला (खंडावर पसरलेल्या जाड बर्फाला) खेटून असलेल्या सरोवरात वितळपाण्याबरोबर भरड वाळू येते आणि तिच्यात हवामानापेक्षा हिमस्तराच्या कडेच्या हालचालींचीच नोंद अधिक उमटते; म्हणून खडकांनी वेढलेले, खोल व सपाट तळाचे सरोवर निवडावे.

सरोवर गोठलेले असताना बर्फाला भोक पाडून तळाचा गाळ थरांसह उचलण्यासाठी नळी सोडणे सोयीचे असते. वरचा गाळ पातळ असल्याने तो ग्रॅव्हिटी कोअररने (स्वतःच्या वजनाने गाळात रुतणाऱ्या नळीने) वेगळा घ्यावा व नळी उभीच ठेवावी, कारण हा थर हलला की आजच्या हवामानाशी तुलना करण्याचा आधारच जातो. खालच्या घट्ट गाळासाठी पिस्टन कोअरर (आत दट्ट्या असलेली नळी) वापरावा.

खरी परीक्षा कालमापनाची, म्हणजे कोणता थर किती जुना हे ठरवण्याची. हवेतून गाळात उतरणाऱ्या शिसे-210 या किरणोत्सर्गी शिशाचे अर्धायुष्य (ते निम्मे उरायला लागणारा काळ) जेमतेम 22 वर्षांचे असल्याने ते फार तर गेल्या दीडशे वर्षांपर्यंत पोहोचते, आणि अंटार्क्टिकात ते हवेतून मुळातच कमी उतरते. त्याखालच्या थरांसाठी कार्बन-14 (सजीवांच्या अवशेषांतील किरणोत्सर्गी कार्बन) वापरावा लागतो. पण हिमस्तराच्या वितळपाण्यात जुना कार्बन असतो, शिवाय बर्फाच्या झाकणामुळे पाण्याची हवेशी देवाणघेवाण मंदावते, त्यामुळे तळावर आज जिवंत असलेल्या शैवालाचे वयही शेकडो वर्षे निघू शकते. म्हणून पृष्ठभागावरील नमुन्याचे वय अवश्य काढावे, तेवढा फरक खालच्या वयांतून वजा करावा, मात्र तो सर्व काळ सारखाच होता असे गृहीत धरू नये. जमिनीवर वाढून वाहत आलेल्या मॉसचा तुकडा सापडला, तर त्याच्या वयावर अधिक भरवसा ठेवावा. वयांचे अंशांकन, म्हणजे कार्बन-14 ची वये प्रत्यक्ष वर्षांत बदलणे, दक्षिण गोलार्धासाठी तयार केलेल्या तुलना-वक्राने करावे. उत्तरेचा वक्र येथे चालत नाही.

नळी उभी चिरली की करड्या वाळूच्या थरांमध्ये शैवालाचे हिरवट, पापुद्र्यांचे थर दिसतात. प्रत्येक सेंटिमीटरचा नमुना वाळवून 550 अंश सेल्सिअसला जाळावा. वजनातील घट म्हणजे ढोबळमानाने सेंद्रिय द्रव्य. ते वाढले म्हणजे शैवाल अधिक वाढले, म्हणजेच उन्हाळा लांबला, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो आणि तो घाईचा असतो, कारण वाळू कमी आली तरी सेंद्रिय द्रव्याची टक्केवारी वाढते. त्यामुळे टक्केवारीऐवजी दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाला किती सेंद्रिय द्रव्य साचले ते काढावे, आणि कणांचा आकार, चुंबकीय ग्रहणशीलता (गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते) व डायटमच्या (सिलिकाचे कवच असलेल्या सूक्ष्म शैवालाच्या) जाती त्याला दुजोरा देत असतील तरच त्या थराला उबदार काळाचा म्हणावे.