घरच्या वापरासाठी मोटारसायकलचा जॅक कसा निवडावा

मोटारसायकल उचलणे फारसे अवघड नसते. दीडशे-दोनशे किलो वजन वर न्यायला लागणारे बळ कोणताही बरा जॅक देऊ शकतो. उचललेली गाडी आडवी होऊ न देणे, हे मात्र अवघड असते. चारचाकीचे एक चाक उचलले तरी उरलेली तीन चाके तिला सावरून धरतात. मोटारसायकल जमिनीवर दोनच ठिकाणी टेकलेली असते आणि जॅकने तिला उचलले की तोही आधार सुटतो. म्हणून जॅक निवडताना तो किती वजन उचलतो हा प्रश्न नंतर विचारावा. तो गाडीला नेमका कुठे टेकणार आहे आणि उचललेल्या गाडीला डावी-उजवीकडे कलण्यापासून कोण रोखणार आहे, हे दोन प्रश्न त्याच्या आधी येतात.

सुरुवातीच्या काळात मी हे प्रश्न विचारले नव्हते. घरात चारचाकीचा ट्रॉली जॅक होता आणि त्याची क्षमता माझ्या गाडीच्या वजनाच्या दहापट होती, म्हणून मी निर्धास्तपणे तो इंजिनाखाली सरकवला. त्या जॅकची वाटी तळहाताएवढी, गोल आणि स्वतःभोवती फिरणारी असते. मागच्या चाकाच्या आसाचा नट सैल करण्यासाठी पान्यावर जोर दिला तेव्हा नट हलला नाही, पण गाडी वाटीवर फिरली आणि भिंतीवर रेलली. क्लचची दांडी तुटण्यावर निभावले. जॅक जराही खचला नव्हता. त्याने वजन पूर्णपणे पेलले होते, फक्त तो दुचाकीसाठी घडवलेला नव्हता.

आधी कामे ठरवा, मग गाडीखाली पाहा

जॅक कशासाठी हवा आहे, हे खरेदीपूर्वी कागदावर लिहून काढणे उपयोगी पडते. चेन धुणे आणि तिला तेल देणे एवढेच काम असेल, तर मागचे चाक जमिनीपासून दोन बोटे सुटले तरी पुरते. चाक काढून पंक्चर किंवा टायर पाहायचे असेल, तर गाडी तासन्‌तास उचललेल्या अवस्थेत स्थिर राहायला हवी. पुढचे शॉकअप उतरवायचे असतील किंवा हँडलखालचा कोन सेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंगे) बदलायचा असेल, तर शॉकअपच्या टोकाला धरून उचलणारे कोणतेही साधन निरुपयोगी ठरते, कारण जो भाग काढायचा आहे त्यावरच गाडी उभी असते. मागचा शॉकअप किंवा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) काढतानाही हीच अडचण येते.

यानंतर गाडीला कोणाकडून तरी सरळ धरवून ठेवावे आणि जमिनीवर बसून विजेरीच्या उजेडात तिचा तळ नीट पाहावा. काही गाड्यांच्या चेसिसच्या दोन समांतर नळ्या इंजिनाच्या खालून मागे जातात. जॅकसाठी ही सर्वांत सोयीची रचना होय. अनेक गाड्यांत मात्र चेसिसची पुढची नळी इंजिनापाशीच संपते आणि इंजिन स्वतःच चेसिसचा एक भाग म्हणून काम करते. अशा गाडीला खालून टेकण्याची जागा म्हणजे इंजिनाचा तळच असतो आणि तिथे ऑइल काढण्याचा बोल्ट, बारीक ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कधी ऑइल फिल्टरचे झाकण आणि कित्येकदा सायलेन्सरची नळी असते. यांपैकी कशावरही भार देऊ नये. बोल्टवर भार आला तर ऑइल चेंबरला तडा जाऊ शकतो आणि सायलेन्सरची नळी चेपली जाते. भार घेण्याजोगी सपाट, रुंद जागा तळाला मिळत नसेल, तर आपल्या गाडीसाठी इंजिनाखालून उचलणारा जॅक नव्हे, तर पॅडॉक स्टँड, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंनी गाडी धरून उचलणारा स्टँड, हवा आहे, असे समजावे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत उचलण्याच्या जागा दाखवलेल्या असतील तर तोच शब्द अखेरचा मानावा.

त्याच वेळी मोजपट्टीने दोन मापे घ्यावीत. पहिले माप जमिनीपासून त्या टेकण्याच्या जागेपर्यंतचे. दुसऱ्या मापासाठी थोडा विचार करावा लागतो. चेसिसला धरून गाडी वर नेऊ लागलो की चाक लगेच जमीन सोडत नाही. गाडीच्या वजनाने दबलेला शॉकअप आधी मोकळा होत जातो आणि तो पुरता लांबल्यानंतरच चाक उचलले जाते. समजा, टेकण्याची जागा जमिनीपासून १६० मिलिमीटरवर आहे, शॉकअप ५० मिलिमीटर लांबतो आणि चाक बाहेर काढण्यासाठी त्याच्याखाली ६० मिलिमीटर मोकळी जागा हवी आहे. मग दोन्ही चाके उचलण्यासाठी जॅकला सुमारे २७० मिलिमीटरपर्यंत वर जाता आले पाहिजे. आणि मधे १५ मिलिमीटरची लाकडी फळी किंवा रबर ठेवायचे असेल, तर पूर्ण खाली बसलेल्या जॅकची उंची १४५ मिलिमीटरपेक्षा कमी असायला हवी. खरेदीत बहुतेकांची चूक इथेच होते. कमाल उंची सगळे पाहतात, पण किमान उंची कोणी पाहत नाही, आणि मग घरी आणलेला जॅक गाडीखाली शिरतच नाही. शिवाय साइड स्टँडवर गाडी एका बाजूला कललेली असते, तेव्हा त्या बाजूची जागा आणखी कमी होते, हेही ध्यानात घ्यावे.

कोणत्या प्रकारचा जॅक कोणाला योग्य

ज्या गाडीला मेन स्टँड आहे, तिच्या मालकाचे निम्मे काम आधीच झालेले असते. मेन स्टँडवर मागचे चाक मोकळे राहते, चेनचे सारे काम होते आणि बहुतेक गाड्यांत मागचे चाकही काढता येते. राहतो तो पुढच्या चाकाचा प्रश्न, आणि त्यासाठी सिझर जॅक पुरेसा ठरतो. कात्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या या जॅकचा आडवा स्क्रू फिरवला की वरचा सपाट पाट वर चढतो. स्क्रूच्या आट्यांमुळे भार स्वतःहून खाली घसरत नाही आणि त्यात तेल नसल्याने गळतीचा प्रश्नही उद्भवत नाही. तो सुरुवातीला फिरवायला जड जातो, कारण जॅकचे हात जवळजवळ आडवे असताना त्याच वजनासाठी स्क्रूवर कितीतरी अधिक ओढ पडते. जसजसा तो वर जातो तसतसा हलका होतो. सुरुवातीच्या त्या जडपणामुळे जॅक कमकुवत आहे, असा समज करून घेऊ नये. मात्र त्याचा पाट रुंद आणि रबर लावलेला असावा, तळ पाटापेक्षाही रुंद असावा, आणि स्क्रू फिरवण्याचे टोक गाडीच्या बाजूने हाताला सहज लागावे. मेन स्टँड नसलेली गाडी केवळ सिझर जॅकवर तोलून धरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. पाट कितीही रुंद असला तरी तो गाडीच्या रुंदीच्या मानाने अरुंदच असतो.

मेन स्टँड नसलेल्या गाडीसाठी, माझ्या मते, पहिली खरेदी मागच्या पॅडॉक स्टँडची असावी. हा स्टँड मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी स्विंगआर्मला धरतो. त्याचा पाया रुंद असतो आणि गाडीला तो दोन बाजूंनी, एकमेकांपासून दूर असलेल्या जागी पकडतो, त्यामुळे कलण्याचा धोका बराच कमी होतो. स्विंगआर्मला धरून उचलल्यामुळे शॉकअप लांबण्याची वाटही पाहावी लागत नाही. थोडेसे उचलले की चाक सुटते. काही गाड्यांच्या स्विंगआर्मला आटे पाडलेली भोके असतात, त्यांत स्पूल, म्हणजे बोल्टने बसणाऱ्या लहान गोल खुंट्या, बसवले की स्टँडचे खाचेदार हात त्यांत पक्के अडकतात. स्पूलचे बोल्ट साधारणपणे ६, ८ किंवा १० मिलिमीटरचे असतात, तेव्हा आपल्या गाडीचे माप पाहूनच ते घ्यावेत. भोके नसतील तर इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे रबरी टेकू वापरावे लागतात. चौकोनी स्विंगआर्मवर ते चांगले बसतात, गोल नळीच्या स्विंगआर्मवर मात्र घसरू शकतात, आणि चेन ताणण्याचा बोल्ट किंवा सायलेन्सर त्यांच्या आड येत नाही ना, हे प्रत्यक्ष लावून पाहिल्याखेरीज कळत नाही. एकट्याने हा स्टँड लावायचा तर एका हाताने गाडी उभी धरून दुसऱ्या हाताने स्टँडची दांडी दाबावी लागते. ही हातोटी येईपर्यंत दुसऱ्या बाजूला कोणीतरी उभे असावेच.

पुढचा पॅडॉक स्टँड दोन तऱ्हांचा मिळतो. शॉकअपच्या तळाला उचलणारा स्वस्त आणि सोपा असतो, पण त्यावर शॉकअप काढता येत नाहीत. हँडलखालच्या पोकळ दांड्यात खालून पिन घालून उचलणारा अधिक उपयोगाचा, मात्र त्याची पिन आपल्या गाडीच्या भोकाच्या मापाची हवी आणि काही गाड्यांत ते भोकच नसते. दोन्हींबाबत नियम एकच आहे: आधी मागचा स्टँड लावावा, मग पुढचा, आणि उतरवताना आधी पुढचा काढावा.

हायड्रॉलिक मोटारसायकल लिफ्ट, म्हणजे दोन लांब समांतर हात आणि पायाने दाबायची दांडी असलेला जॅक, वजनदार गाड्यांसाठी आणि दोन्ही चाके एकाच वेळी उचलण्यासाठी उत्तम. इंजिनाखालून दोन नळ्या जाणाऱ्या चेसिसला तर तो फारच शोभतो. पास्कलच्या नियमाप्रमाणे लहान दट्ट्यावरचा दाब मोठ्या दट्ट्यावर तसाच पोहोचतो. मोठ्याचा व्यास तिप्पट असेल तर त्याचे क्षेत्रफळ नऊपट होते आणि बळही नऊपट मिळते. पण हे सारे बळ एका रबरी सीलच्या भरवशावर टिकून असते. सील झिजले की तेल झिरपते आणि गाडी नकळत खाली येऊ लागते. म्हणून ज्या लिफ्टला निरनिराळ्या उंचीवर अडकणारी लोखंडी कुलूप-दांडी नाही, ती घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त मिळो. गाडी वर नेल्यावर भार त्या दांडीवर टेकवावा आणि मगच हात घालावा. पट्टे बांधण्यासाठी चारही कोपऱ्यांना कड्या हव्यात, आणि खालच्या चाकांना जमिनीवरून उचलून धरणारे स्क्रूचे पाय असतील तर फारच चांगले, कारण चाकांवर तोललेली लिफ्ट पान्याला जोर देताच सरकते. तिच्यात तेल भरायचे झाल्यास हायड्रॉलिक जॅकचेच तेल घालावे. ब्रेक फ्लुइडने तिची सील खराब होतात.

साइड स्टँडला जोडीदार म्हणून दुसऱ्या बाजूने लावायचा लहान टेकूही मिळतो. तो मागचे चाक जेमतेम उचलतो आणि चेनला तेल देण्यापलीकडे त्याचा उपयोग करू नये. पूर्ण गाडी कंबरेच्या उंचीला नेणारे लिफ्ट टेबल कारखान्यासाठी असते. घरात त्यासाठी वेगळी खोलीच लागेल.

क्षमतेचा हिशेब

जाहिरातीत गाडीचे कोरडे वजन दिलेले असेल, तर त्यात पेट्रोल, ऑइल आणि काही वेळा बॅटरीही धरलेली नसते. पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे १५ लिटरची टाकी भरली की सुमारे ११ किलो वाढतात. त्यात बॅगांचे सांगाडे आणि क्रॅश गार्ड मिळवावेत. असे जे वजन येईल त्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमता पुरेशी होते. त्याहून मोठ्या आकड्याने गाडी अधिक स्थिर होत नाही. तेवढ्याच पैशांत रुंद पाया आणि स्वच्छ वेल्डिंग मिळत असेल तर तेच घ्यावे. वेल्डिंगची रेघ सलग आणि एकसारखी आहे का, उभ्या-आडव्या दांड्यांत हलवून पाहिल्यास झोल जाणवतो का, रबर नुसते चिकटवलेले आहे की खाचेत बसवलेले आहे, हे हाताने तपासता येते.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी गाडीची चाके काढू नयेत. हायड्रॉलिक जॅक असेल तर त्यावर गाडी थोडीशीच उचलून, पट्टे बांधून, उंचीची खूण करून दोन-तीन तास तशीच ठेवावी आणि नंतर पुन्हा मोजावी. खूण खाली सरकली असेल तर जॅक परत करण्याची हीच वेळ असते. जमीन सपाट आणि कठीण हवी. मातीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर जॅकचा पाया रुततो, तर गुळगुळीत लादीवर तो घसरतो, म्हणून पायाखाली जाड प्लायवूडचा तुकडा घालावा.

घट्ट नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत आणि अखेरचे आवळणेही चाके जमिनीवर टेकल्यावरच करावे. पान्यावरचा तो एक झटकाच उचललेल्या गाडीला सर्वांत धोक्याचा असतो. मागचे चाक उचलताना पुढच्या ब्रेकची दांडी पट्ट्याने बांधून ठेवावी. चाक काढले की त्या बाजूचे वजन कमी होऊन तोल दुसऱ्या टोकाकडे जातो, म्हणून इंजिनाखालून उचललेल्या गाडीचे पुढचे चाक काढण्यापूर्वी मागची बाजू टेकवून घ्यावी आणि मागचे काढताना पुढची. चेन साफ करताना इंजिन बंद असावे आणि चाक हाताने फिरवावे. चालू इंजिनावर चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे फडके सापडले की मागोमाग बोटेही ओढली जातात.

गाडी खाली घेण्यापूर्वी साइड स्टँड उघडा आहे का आणि तो जॅकच्या हातात अडकत तर नाही ना, हे वाकून पाहावे. मग एक हात गाडीच्या सीटच्या मागच्या कडीला ठेवून हायड्रॉलिक जॅकची झडप अगदी हळू, पाव वळणाहूनही कमी, उघडावी आणि चाके टेकल्यावर पट्टे सोडावेत.