लिलावातनं बोट, इंजिन, जॅकेटं घ्यायच्या आधी : गावच्या रेस्क्यू ग्रुपसाठी तयारीची यादी

पूर ओसरला की दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातल्या पोरांचा फोन येतो, दादा आम्हाला पण बोट घ्यायचीय, नवी परवडत नाही, ऑनलाइन लिलावात स्वस्त मिळते म्हणतात, तुम्ही घेतलीय ना, सांगा की कसं करायचं. फोनवर तासभर बोलूनही निम्मं राहतंच, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

आम्ही कृष्णाकाठचे. सांगलीत इर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गावोगावी लोकांनी गुळाच्या काहिली, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढया, पाण्यात सोडून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली, झेपतील त्याच्यापेक्षा जास्त माणसं होती तिच्यात. त्याच्यानंतर आम्ही ग्रुप केला. हे आधी सांगायचं कारण एवढंच की लिलावात स्वस्त मिळालं म्हणून आपण खूश होतो पण पुरात त्या बोटीत पाय ठेवणारी बाई आपल्या भरवशावर पाय ठेवते, तिला ते इंजिन कितीला पडलं ह्याच्याशी काय घेणंदेणं नसतं. त्यामुळं किंमत सगळ्यात शेवटी बघायची.

पहिलं काम म्हणजे कॅलेंडर. जूनमध्ये पाऊस लागला की जाग येऊन उपयोग नाही. लिलाव लागला, बोली जिंकली, की माल लगेच हातात येतो असं नसतं. बरेचदा तुमची बोली सगळ्यात वरची असली तरी स्टेटस एसटीए दिसतं, म्हणजे सब्जेक्ट टू अप्रूव्हल, विकणाऱ्या खात्यानं मंजुरी दिली तरच माल तुमचा, आणि ती मंजुरी यायला आठवडे जातात, कधी नामंजूर पण होतं. मग पैसे भरणं, डिलिव्हरी ऑर्डर म्हणजे माल उचलायचा परवाना, गाडी, दुरुस्ती, ट्रायल. दिवाळी झाली की सुरुवात करा, मार्चपर्यंत माल गावात पाहिजे.

कागद तोपर्यंत तयार ठेवा. सरकारी खात्यांचा आणि सरकारी कंपन्यांचा बाद झालेला माल बराचसा एमएसटीसीच्या पोर्टलवर निघतो, ही केंद्र सरकारची कंपनी आहे, १९६४ पासूनची. जेम ह्या सरकारी खरेदीविक्रीच्या पोर्टलवर पण आता फॉरवर्ड ऑक्शन असतात, म्हणजे सगळ्यात वरच्या बोलीला माल विकायचे लिलाव. खरेदीदार म्हणून नाव नोंदवायला पॅन, बँक खातं, जीएसटी असेल तर त्याचा नंबर, आणि एमएसटीसीला डिजिटल सही लागते, क्लास थ्रीची. ग्रुप रजिस्टर असेल तर संस्थेच्या नावानं करा, एकाच्या वैयक्तिक नावावर घेऊ नका, उद्या तो पुण्याला नोकरीला गेला की बोट कुणाची ह्यावरनं भांडणं होतात, मी बघितलीत. आणि पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून उघडा, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरनं जाऊ नका. मी फौजी आहे, युनिटची बोट निघालीय, ॲडव्हान्स टाका, असे फोन येतात, ते सगळे फसवणुकीचे, पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३०ला फोन करायचा.

आता काय घ्यायचं नाही ते आधी ठरवा, कारण लॉट बघितला की मोह होतो. वापरलेला दोर घ्यायचा नाही. हार्नेस, स्लिंग, हेल्मेट घ्यायचं नाही. दोर बाहेरनं कितीही नवा दिसू दे, आत तो किती वेळा झटका खाऊन आलाय, बॅटरीचं ॲसिड सांडलेल्या गोदामात किती दिवस पडलाय, हे डोळ्यांना कळत नाही, आणि न वापरलेला असला तरी दहा वर्षांच्या पुढचा दोर माणूस लटकवायला वापरत नाहीत. सह्याद्रीत रेस्क्यू करणारी पोरं पण हेच सांगतील, दोर नवाच घ्या. ऑक्सिजन किंवा हवेचे सिलिंडर घ्यायचे तर गळ्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबानं सिलिंडर तपासल्याची, तारीख बघायची, पाच वर्षं उलटून गेली असतील तर टेस्ट झाल्याशिवाय ते भरून मिळणार नाहीत, आणि त्या टेस्टचा खर्च धरला तर स्वस्ताई संपते.

सरकारी ॲम्ब्युलन्सचं पण बरेच जण विचारतात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, त्या गाड्या सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला जातात, त्यामुळं लिलावात ॲम्ब्युलन्सचा फोटो दिसला म्हणून ती रस्त्यावर पळवता येईल असं समजू नका, कॅटलॉगमध्ये बोली कोण लावू शकतं ते आधी वाचा. खाजगी हॉस्पिटलची गाडी बँकेच्या लिलावात आली तर गोष्ट वेगळी, तिथं आरसी, फिटनेस, बोजा उतरल्याचा कागद बघा, आणि ॲम्ब्युलन्सला एआयएस १२५ हे स्टँडर्ड आहे, त्याच्यात बसते का ते आरटीओत जाऊन विचारा.

कॅटलॉग वाचायला दोघं बसा, एकानं मोठ्यानं वाचायचं. ॲज इज व्हेअर इज आणि नो कंप्लेंट बेसिस असं लिहिलेलं असतं, म्हणजे जिथं आहे जसं आहे तसं, नंतर तक्रार चालणार नाही, आणि ते खरंच तसं असतं. बोली कशावर आहे ते बघा, नगावर, पूर्ण लॉटवर का किलोवर. वीस जॅकेटांच्या लॉटला नगाचा भाव समजून आकडा टाकला आणि तो लॉटचा निघाला, किंवा उलटं झालं, की ईएमडी, म्हणजे बोलीसाठी आधी भरलेली अनामत, जाते नाहीतर भलताच माल गळ्यात पडतो. आणि त्याच लॉटमध्ये आपल्याला नको असलेलं भंगार पण असतं, मोडक्या खुर्च्या, जुने पंखे, ते सगळं उचलावं लागतं, फक्त बोट घेऊन येता येत नाही.

आता खरी गोष्ट, यार्डात जाऊन बघणं. कॅटलॉगमध्ये पाहणीच्या तारखा दिलेल्या असतात, तेवढ्यात जावंच लागतं, कितीही लांब असलं तरी. आम्ही पहिलं इंजिन फोटो बघून घेतलं होतं, कुठल्या खात्याचं ते सोडा, फोटो खरा होता, इंजिन पण चालू होतं, चूक आमची होती. ते लाँग शाफ्ट निघालं, म्हणजे पंख्यापर्यंतचा दांडा लांब, २० इंची, आणि आमच्या बोटीचा मागचा फळा, ज्याच्यावर इंजिन टांगतात तो, शॉर्ट शाफ्टचा, १५ इंची. पंखा पाच इंच जास्त खोल जायला लागला, आणि पुराच्या पाण्यात खाली काय असतं तर बुडालेल्या कुंपणाच्या तारा, ऊस, विजेचे खांब. पहिल्याच ट्रायलला पंख्यात ऊस गुंतला. त्या वर्षी इंजिन गोदामातच राहिलं आणि आम्ही वल्ह्यांवर काढलं. तेव्हापासनं खिशात टेप असल्याशिवाय यार्डात पाऊल ठेवत नाही.

ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागं टांगायचं इंजिन, बघायला जाताना जवळचा एखादा बोटीचा मेकॅनिक सोबत न्या, त्याची दिवसाची हजेरी द्या, ती वसूल होते. यार्डवाले इंजिन चालू करू देतील असं नाही, पण वरचं झाकण उघडून बघू देतात. प्लग काढून बघा, सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजनं मोजा, आकडा किती आला त्याच्यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं, एखादा एकदम खाली असेल तर आत पिस्टन नाहीतर रिंग गेलीय. मग खाली बसा आणि गियरच्या डब्याचा खालचा स्क्रू थोडासा सैल करा. दोनचार थेंब बोटावर घ्या. काळपट तेल आलं तरी चालेल, पण दुधाच्या चहासारखं पांढुरकं आलं तर आत पाणी शिरलंय, सील गेलंय. दुसऱ्या वेळी एका इंजिनाला आम्हाला असंच दिसलं, बाहेरनं एवढं चकचकीत पुसलेलं होतं की पोरं म्हणाली घेऊनच टाकू, आणि बोटावर आलं ते पांढरं. तसंच परत आलो. पाणी फेकायचं रबरी इंपेलर कुठलंही इंजिन घेतलं तरी बदलायचंच, तो खर्च आधीच धरून चाला. ह्या मॉडेलचे पार्ट कोल्हापूर, मिरज नाहीतर रत्नागिरीला मिळतात का हे यार्डातनंच फोन करून विचारा, ऑगस्टमध्ये पार्ट कुरियरनं येत नाहीत.

रबरी बोटीला हवा भरून बघायचा आग्रह धरा, आपला फूटपंप न्या, बादली आणि साबण न्या. व्हॉल्व्ह, जोड, मागच्या लाकडी फळ्याची कड, सगळीकडं फेस लावा, बुडबुडा कुठं येतो ते खडूनं खुणा करा. एकदोन छोटी भोकं चिकटवता येतात, पण जोडाची पट्टीच नखानं उचकटायला लागली तर डिंक सुकलाय, ती बोट सोडून द्या. फळ्यावर स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा, लाकूड भुसभुशीत लागलं तर त्याच्यावर इंजिन टांगायचं नाही. बोटीवर किती माणसांची ते लिहिलेली पाटी असते, ती नीट वाचून फोटो काढा.

लाइफ जॅकेटं वीस असली तरी एकेक हातात घ्या. फोम दाबा, परत वर आला पाहिजे, कडक किंवा चपटा झालेला नको. शिलाई ओढा, बक्कल लावून झटका द्या. पट्ट्यांचा रंग उडालेला असेल तर उन्हानं दोरा कुजलाय. लहान पोरांच्या मापाची आहेत का बघा, लिलावात ती जवळजवळ नसतातच, ती नवीच घ्यावी लागतात आणि घ्याच.

गाडीचा पत्रा कापायचं हायड्रॉलिक कटर मिळालं तर होजवरची तारीख बघा, साधारण ७०० बार प्रेशर असतं त्याच्यात, जुनी होज फुटली तर चालवणाऱ्याचाच हात जातो, शिवाय एका कंपनीची कपलिंग दुसरीला बसत नाही. एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक द्यायचं मशीन, मिळाला तर पॅड आणि बॅटरीची एक्स्पायरी, आणि त्या मॉडेलचे पॅड अजून मिळतात का. पॅडशिवाय ते मशीन नुसता डबा आहे.

आता पैसे. कागदावर बोलीचा आकडा लिहा आणि त्याच्याखाली जीएसटी, टीसीएस म्हणजे विकणारा वरनं घेतो तो इन्कम टॅक्स, हमाली, हायड्रा क्रेन लागली तर तिचं भाडं, टेम्पो, मेकॅनिक, इंपेलर, प्लग, नवं पेट्रोल टँक, सगळं लिहून बेरीज करा. मग नव्या मालाचं कोटेशन शेजारी ठेवा. नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर आम्ही नवंच घेतो, वॉरंटी तरी मिळते. ही रक्कम ग्रुपच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठरवा, आणि बोलीच्या दिवशी ज्याचा हात सैल नाही त्यालाच माउस द्या. शेवटच्या मिनिटाला कुणी बोली लावली की वेळ वाढते, परत वाढते, आणि त्याच्यात माणूस ईर्षेला पेटतो. समोरचा भंगारवाला किलोच्या हिशेबानं घेतोय, त्याला परवडतं. ठरलेला आकडा आला की लॅपटॉप बंद करा. जिंकून पैसे भरले नाहीत तर ईएमडी जप्त होते, ते लोकवर्गणीचे पैसे आहेत.

माल उचलायची मुदत असते, ती चुकली की ग्राउंड रेंट, म्हणजे यार्डातल्या जागेचं भाडं, लागतं, म्हणून गाडी आधीच बोलून ठेवा आणि डिलिव्हरी ऑर्डर, पैसे भरल्याची पावती, ओळखपत्र, संस्थेचं अधिकारपत्र ह्याच्या दोन दोन प्रती न्या, गेटवर एक कागद कमी पडला म्हणून रिकामा टेम्पो परत आणणं लई महागात पडतं. इंजिन उभंच बांधायचं, आडवं टाकलं तर उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातं.

गावात आल्यावर तहसीलदारांना पत्र द्या, आमच्याकडं एवढी बोट, एवढी जॅकेटं, ही माणसं, हे नंबर, म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीत नाव लागतं. इंजिन लावलेली बोट म्हटल्यावर इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ लागू होतो, नोंदणीचं मेरिटाइम बोर्डाकडं विचारून घ्या, टाळू नका. बोट ठेवताना जमिनीवर घडी घालून टाकू नका, उंदीर रबर कुरतडतात, आम्ही शाळेच्या खोलीत दोन आडव्या वाशांवर ठेवतो, महिन्यातनं एकदा हवा भरून.

आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात बोट घाटावर न्या. पाटीवर जेवढी माणसं लिहिलीत तेवढ्या वजनाची वाळूची पोती भरा, पोरांना जॅकेटं घालून काठाजवळच्या पाण्यात उतरवा, इंजिन तासभर चालवा, मागनं पाण्याची धार सलग पडतेय का बघा, बंद करून गार होऊ द्या आणि परत पहिल्या दोरीला चालू होतं का बघा.