खो-खोच्या सामन्यात मुलाकडून चूक झाली तर

तालुका पातळीवरचा आंतरशालेय सामना हरून आठवी-नववीतले मूल घरी येते, तेव्हा पराभवापेक्षा ‘माझ्यामुळे संघ हरला’ ही बोच त्याला अधिक छळत असते. खानापूर, निपाणी किंवा बेळगाव परिसरातल्या खेड्यांत मैदानाभोवती ओळखीचीच माणसे उभी असतात, त्यामुळे चूक सर्वांनी पाहिलेली असते. म्हणून पहिली संध्याकाळ पालकांनी चर्चेत घालवू नये. दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाला ‘भूक लागली काय?’ एवढे विचारणे पुरते. जेवण आणि लवकर झोप या दोन गोष्टी आधी व्हाव्यात. या वयात रात्री 8 ते 10 तासांची झोप आवश्यक असते. ‘खेळच आहे, सोडून दे’ असे मात्र म्हणू नये, कारण ज्यासाठी त्याने रोज घाम गाळला, तेच त्यातून क्षुल्लक ठरते.

मूल स्वतःहून बोलू लागले की संपूर्ण सामन्याचा हिशेब न मागता एकच क्षण निवडायला सांगावे. बहुधा तो फाउलचा असतो. खो-खोत आक्रमकाने म्हणजे पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की उलट फिरता येत नाही, मध्यपाटी म्हणजे खेळाडू बसतात ती मधली पट्टी ओलांडता येत नाही, खो पाठीमागूनच द्यावा लागतो आणि बसलेला खेळाडू खो मिळण्यापूर्वी उठला तरी फाउल होतो. म्हणजे एकाच्या नावावर लागलेल्या फाउलमागे अनेकदा दोघांची न जुळलेली वेळ असते. अंगणात खडूने रेघ ओढावी, बसलेल्या 8 खेळाडूंसाठी 8 खडे आळीपाळीने विरुद्ध तोंडांचे समजून मांडावेत, आणि खो केव्हा आला, पाऊल कोणत्या बाजूला पडले, हे मुलाला खडे सरकवून दाखवू द्यावे. संरक्षक म्हणजे पळणारा खेळाडू निसटण्यात आपला वाटा किती होता, हे त्याला त्यातूनच उमगते. तेथे पालकांनी दोष दुसऱ्या मुलाच्या किंवा पंचांच्या माथी मारू नये; त्याने क्षणभर बरे वाटते, पण सुधारण्यासारखे काही हाती उरत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी असे मला आग्रहाने वाटते. मराठी शाळेतल्या मुलाला जिल्हा पातळीवर कन्नडमधून सूचना मिळतात आणि गोंगाटात एखादी सूचना निसटते. तसे झाले असल्यास नेहमीचे आठ-दहा शब्द क्रीडाशिक्षकांकडून समजून घेऊन पाठ करावेत. तसेच या वयात उंची झपाट्याने वाढत असल्यास काही काळ तोल आणि पावलांचा अंदाज चुकू शकतो, हेही मुलाला सांगावे.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत, ज्याच्याशी वेळ चुकली त्याच सवंगड्याबरोबर खो देण्या-घेण्याचा थोडा सराव व्हावा. सराव चुकवायचा हट्ट धरल्यास एखादा दिवस द्यावा, आठवडा नव्हे.

मात्र उदासी दोन आठवडे टिकली, जेवण-झोप बिघडली किंवा मूल शाळाच टाळू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे अथवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलावे. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये.

पुढच्या सामन्याला जरूर जावे, पण रेषेबाहेरून सूचना ओरडू नयेत, कारण त्या गलक्यात त्याला ऐकायचा असतो तो मागून येणारा ‘खो’.