विरल केला तरी कॉस्टिक सोडा तीव्रच!

सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये (म्हणजेच कॉस्टिक सोड्यात) पाणी ओतलं की तो ‘सौम्य’ होतो, असं दहावीची बरीच मुलं लिहितात आणि हक्काचे गुण घालवतात. तीव्र म्हणजे पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरण होणारा, म्हणजे आयनांत (विद्युतभारित कणांत) सुटा होणारा. संहत (दाट) की विरल (पातळ) हा फक्त प्रमाणाचा प्रश्न.

हे आकड्यांत बघा. ४ ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइडचं १ लीटर द्रावण केलं, तर ते ०.१ मोलर (लीटरमागे ०.१ मोल), सामू (pH, आम्ल-आम्लारीपणा मोजणारा आकडा) सुमारे १३. शंभरपट विरल केल्यावर सामू ११. ०.१ मोलर अमोनियाचा सामूही ११च्या आसपासच असतो, पण त्याच्या शंभरातल्या जेमतेम एका रेणूपासून आयन बनतात. म्हणून अमोनिया सौम्य. ही तुलना वहीत लिहूनच ठेवा, फार कामाची आहे.

प्रयोगशाळेत मात्र जपून. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरच्या दमट हवेत सोडिअम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ओलावा शोषून लवकर चिकट होतात आणि वजन चुकतं. झटपट तोलून बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावा. चष्मा घालून गोळ्या पाण्यात थोड्या-थोड्या टाका, ढवळत राहा. द्रावण चांगलंच तापतं. त्वचेवर उडालं तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा आणि सरांना किंवा मॅडमना सांगा.