माजी विद्यार्थ्याची नोंद लिहायची तर

कॉलेजची स्मरणिका निघायची असली किंवा नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती यायची असली, की ‘नामवंत माजी विद्यार्थी’ हे पान सगळ्यांना आठवतं. मग घाईघाईत नावं गोळा होतात, आणि प्रत्येकापुढे ‘संस्थेचे नाव उज्ज्वल केले’ एवढंच येतं. मी अंबाजोगाईत मराठी शिकवते आणि हे पान आमच्या मुलामुलींकडून लिहून घेते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली आपल्याकडची पिढी आता थकली आहे. तिच्याकडून हे आत्ताच ऐकून घ्यायला हवं, म्हणून मुलांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात विद्यापीठाच्या नावापासून करा. ते पदवीच्या वर्षावर ठरतं. 1958च्या आधी मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे होती, त्यामुळे त्या काळातल्या माणसाची पदवी उस्मानियाची निघेल. 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. 14 जानेवारी 1994ला नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं आणि नांदेड, परभणी, लातूरची कॉलेजं तिकडे गेली. लातूरच्या एकाच घरात वडील, मुलगा आणि नात यांच्या पदव्यांवर तीन वेगळी नावं असू शकतात. गुणपत्रक हातात घ्या, त्यावर छापलेलं नाव लिहा आणि पुढे आजचं नाव द्या. शेतीचा पदवीधर असेल तर परभणीचं कृषी विद्यापीठ वेगळं, ते 1972चं.

1978 ते 1994 या काळात शिकलेल्या माणसाला नामांतराबद्दल, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या लढ्याबद्दल, विचाराच. विधिमंडळाचा ठराव जुलै 1978चा, नाव प्रत्यक्ष बदललं सोळा वर्षांनी. मधल्या काळात नामांतराच्या बाजूचे पोचिराम कांबळे मारले गेले, त्याच मागणीसाठी गौतम वाघमारे यांनी नांदेडला स्वतःला जाळून घेतलं. दलितांच्या वस्त्या जळाल्या, मुलांची शिक्षणं तुटली. आजही 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर माणसं लेकराबाळांसह येतात आणि हात जोडतात. हे वगळून त्या वर्षांतलं कॅम्पसवरचं जगणं लिहिताच येत नाही. कुणी कुठल्या बाजूला होतं ते त्यांच्याच शब्दांत येऊ द्या.

दुसरी गोष्ट, शिकलेला कोण आणि शिकवणारा कोण हे वेगळं ठेवा. भालचंद्र नेमाडे औरंगाबादच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, पण ते तिथले विद्यार्थी नव्हेत. गंगाधर पानतावणे नागपूरचे. मिलिंद महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात त्यांनी शिकवलं, ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि दलित लेखकांच्या पिढ्या लिहित्या केल्या. यू. म. पठाण आणि सुधीर रसाळ हेही याच विभागाचे अध्यापक. अध्यापक म्हणून माहीत असलेल्या माणसाला कागद पाहिल्याशिवाय विद्यार्थ्यांच्या यादीत घुसडू नका. त्यांच्या हाताखाली कोण शिकलं, ते शोधा.

त्यासाठी मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते ती प्रबंधातली ऋणनिर्देशाची पानं. ग्रंथालयात जुने टंकलिखित प्रबंध असतात, बरेच आता शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातही आहेत. मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, आणि त्यानंतर ऋणनिर्देश. वरवर तो ठरावीक वाटतो. पण सावकाश वाचा. मार्गदर्शक, मग पुस्तकं घरी नेऊ देणारे ग्रंथपाल, मग रजा मंजूर करणारे मुख्याध्यापक, औरंगाबादला आल्यावर ज्याच्या खोलीवर उतरायचं तो मित्र, आणि शेवटी टंकलेखक. त्या एका पानावरून पुढे कुणाकुणाला भेटायचं ते कळतं. मुलांना मी हे पान हातानं उतरवून घ्यायला लावते, फोटो काढून भागत नाही. उतरवताना प्रत्येक नावापाशी थांबावं लागतं.

कॉलेजच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलींची नावं माहेरची असतात. लग्नानंतरच्या नावानं शोधलंत तर ती बाई सापडणारच नाही, आणि यादीत बायका कमी का, याचं एक कारण हेच आहे. गावातून माहेरचं आडनाव विचारून घ्या. जन्मतारीख 1 जून दिसली तर बहुधा ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली असते. नोंदीत नुसतं वर्ष लिहा.

भेटायला गेल्यावर ‘तुमचे अनुभव सांगा’ असं म्हणू नका. समोरचा माणूस भाषण करायला लागतो. डबा कुठून यायचा, ते विचारा. एका निवृत्त गुरुजींना आमच्या विद्यार्थिनीनं एवढंच विचारलं आणि ते सावरून बसले. “यष्टीनं यायचा, बाई. कंडक्टरच्या ओळखीनं. डब्यावर रंगानं नाव घातलेलं. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कवा कवा पिठलं. उन्हाळ्यात गाडी लेट झाली की पिठलं आंबायचं, मग भाकर नि तिखट. रिकामा डबा सांजच्या गाडीला लावायचा, तवा दुसऱ्या रोजी डबा यायचा.” त्यातूनच पुढे खोलीतले सोबती, भाडं, कंदिलावरचा अभ्यास, कुणी वर्ष सोडलं आणि का सोडलं, सगळं आलं. बोललेलं जसंच्या तसं उतरवा, ‘व्हतं’चं ‘होतं’ करू नका.

एका माणसाची नोंद दोनशे शब्दांत बसवा. हुद्दा एका ओळीत संपवा, उरलेली जागा शिकण्याला द्या. वर्ष, विषय आणि कॉलेज कागदावरून पडताळा. आठवणीत वर्ष पुढेमागे होतं, त्यावर वाद घालू नका, कागद दाखवून विचारा.

लिहून झालं की नोंद त्यांना वाचून दाखवा आणि खोडायचं असेल ते खोडू द्या. फोटो घरून आणलात तर मागच्या बाजूला पेन्सिलनं नाव आणि वर्ष लिहा, स्कॅन करून आठवड्याच्या आत परत करा. स्मरणिकेत जागा पुरली नाही तर पूर्ण नोंद ग्रंथालयात वेगळ्या फाईलला लावा आणि ग्रंथपालांकडून तिची रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या.